तळावरचा पाहुणचार : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-नगरपर्यंत कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांचे तळ पडतात. शनिवार-रविवारी तिथल्या मुलांना शिकवायला जाणारी तरुण मंडळीही आता ठिकठिकाणी दिसतात. त्यांच्याकडून आम्ही प्रश्न मागवले होते. वर्ग कसा घ्यावा, पाढे कसे शिकवावेत असं कुणी विचारेल अशी अपेक्षा होती. बहुतेक पत्रं निघाली जेवणाची, चहाची आणि पालकांनी हातावर ठेवलेल्या वस्तूंची. तळावर अनेक हंगाम काम केलेल्या मंडळींनी दिलेली ही उत्तरं.

आम्ही चौघं दर रविवारी तळावर शिकवायला जातो. मागच्या आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या आईनं आमच्यासाठी कोंबडी कापली. त्यांची खर्ची संपलेली आहे हे आम्हाला ठाऊक होतं. घास घशाखाली उतरेना. पुढच्या वेळी सरळ नाही म्हणावं का?
– स्वयंसेवक, पुणे

नाही म्हणू नका. पण त्या कोंबडीची किंमत नीट समजून घ्या, म्हणजे पुढं कसं वागायचं ते आपोआप कळेल.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि डोकी सेंटरचा (ऊस तोडून डोक्यावरून वाहून गाडीत भरणाऱ्या टोळ्यांचा) दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. कागदावर दिवसाचे साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये होतात. यातला रुपयाही संध्याकाळी हातात पडत नाही. सगळं आधी घेतलेल्या उचलीत (आगाऊ रकमेत) वळतं होतं, आणि ही उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढं कितीही असू शकते. घर चालतं ते मुकादम (टोळीला कामावर आणणारा ठेकेदार) मधूनमधून देतो त्या खर्चीवर, आणि बाई संध्याकाळी वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या जनावरवाल्यांना विकते त्या पैशांवर. गावरान कोंबडी बाजारात पाचशेच्या घरात जाते. ती रोख रक्कम आहे, आणि तळावर मजुरीपेक्षा रोकड दुर्मिळ असते. बहुतेक कोंबड्या गावाहून डालग्यात घालून आणलेल्या असतात आणि त्या अंडी देणाऱ्या असतात, हा हिशेब आणखी वेगळा.

आता दुसरी बाजू. कोंबडी कापायचं ठरलं ते तुम्ही पोचण्याच्या आधी. तुम्ही पोचलात तेव्हा ती शिजलेली होती. त्या वेळी नाही म्हटल्यानं कोंबडी जिवंत होत नाही. "आमच्या हातचं चालत नाही" एवढाच अर्थ त्या घरापर्यंत पोचतो. फडावर, बाजारात, दवाखान्यात हा अनुभव या लोकांना पुरेसा येतो. वर्गात मुलाला "आपण सगळे सारखे" असं शिकवून त्याच्या आईचं ताट सरकवणाऱ्या माणसाचं ते मूल पुढं काय ऐकणार?

तेव्हा जेवायचं, पण जेवण्याची रीत सांभाळायची. कोपीत (पाचटाच्या झोपडीत) पाहुणे आणि पुरुष आधी बसतात, बायका-मुलं मागून. म्हणजे तुम्ही जे उचलाल ते त्यांच्या वाट्यातून जातं. बसतानाच मुलांना पंगतीत ओढा: "हा बसला तर मी बसणार." मूल तुमच्या शेजारी बसलं की त्याला पहिल्या वाढणीतली फोड मिळते, नंतर उरलेला रस्सा नाही. भाकरी एकच घ्या. मोठ्या थापलेल्या भाकरीला शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. चौघांनी दोन-दोन खाल्ल्या तर पाऊण किलोच्या वर पीठ तिथंच संपलं, आणि ते दुसऱ्या दिवशी फडावर न्यायच्या भाकरीचं पीठ होतं. रस्सा हवा तेवढा घ्या, तो पाण्यानं वाढतो. फोड एक. दुसऱ्या वाढणीला ताटावर आडवा हात धरा. दोनदा आग्रह होईल, तिसऱ्यांदा "पोट भरलं, आता खरंच नको" म्हटलं की कुणी जबरदस्ती करत नाही. ताटात काहीही टाकायचं नाही. भीडेपोटी जास्त घेऊन अर्धं ठेवणं हे मुळात न जेवण्यापेक्षा वाईट.

आणि चेहऱ्यावर ती अपराधी कळा आणू नका. खाताना डोळे भरून येणारा पाहुणा यजमानाला अवघडवतो. तिखट कसं झालंय, मसाला कुठं वाटला, एवढं विचारा. मसाला बहुधा दगडावर वाटलेला असतो आणि त्याचं कौतुक तिला मनापासून आवडतं.

पुढच्या खेपेला कोंबडी होऊ नये अशी इच्छा असेल तर ते जेवणानंतर सांगायचं नसतं, आधी ठरवायचं असतं. ते पुढच्या उत्तरात.

जेवणाचा प्रसंगच येऊ नये म्हणून कोणत्या वेळी जावं? आम्ही संध्याकाळी सहाला पोचतो.
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कराड

सहा ही सर्वांत चुकीची वेळ. बाई पहाटे तीनला उठते, दोन्ही वेळच्या भाकरी थापते आणि उजेड व्हायच्या आत फडावर पोचते. परतते ती साडेचार-पाचला, कधी त्याहून उशिरा, डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन. मग पाणी, धुणं, चूल. तुम्ही सहाला जाता म्हणजे चूल पेटलेली असताना जाता. पेटलेल्या चुलीपुढून पाहुणा तसाच पाठवला अशी गोष्ट त्या घरात होत नाही.

शाळेत न जाणाऱ्या मुलांचा वर्ग असेल तर सकाळी आठ ते दहा घ्या. मोठी माणसं फडावर असतात, तळावर मुलं, म्हातारी माणसं आणि एखादी बाळंतीण एवढेच असतात. मुलांना दहानंतर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पोचवता येतं. पालकांना भेटायचंच असेल तर तोड बंद असलेला दिवस गाठा. कारखाना सफाईसाठी अधूनमधून थांबतो, तेव्हा फडही थांबतात. कारखान्याचा चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा कर्मचारी) हे दोन दिवस आधी सांगू शकतो, त्याचा नंबर घेऊन ठेवा. बाजारचा दिवसही चालतो, मात्र दुपारच्या आत.

तोड चालू असताना पालकांना बैठकीसाठी थांबवू नका. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. बऱ्याच टोळ्यांत तो पाचशे ते हजार रुपये असतो. "पालक सभेला येत नाहीत" अशी तक्रार करणाऱ्या संस्थांनी हा आकडा सभेच्या खर्चात धरावा.

चहाचंही असंच. पाच पाहुणे आले की घरातलं मूल दहाची नोट घेऊन दुकानाकडं पळतं. ते पळायच्या आधी बोला: "कोराच टाका, दूध नको, मला कोराच आवडतो." मूल निघाल्यावर बोललात तर उपयोग नाही, कारण हाक मारून परत बोलावणं कमीपणाचं वाटतं. गुळाचा कोरा चहा तळावर उत्तम होतो, खोटं बोलावं लागत नाही.

आपला डबा घेऊन जावं का?
– शिक्षक, बारामती

हो, पण एकट्यानं खायला नाही. चटणी, लोणचं, शेंगदाण्याचा कूट, मेथीची सुकी भाजी अशा भाकरीबरोबर सगळ्यांना पुरणाऱ्या गोष्टी न्या आणि पंगतीत मध्ये ठेवा. बिर्याणी-सँडविच नको. बाजूला बसून स्वतःचा डबा उघडणाऱ्याला दुसऱ्या दिवशीपासून कुणी बोलावत नाही.

मी शाकाहारी आहे. त्यांनी अंडी केली आणि मी नाही म्हणाल्यावर सगळं घर ओशाळलं.
– वाचक, सांगली

पहिल्या दिवशी, ओळख होताना सांगून टाका. बीड, पाथर्डी, शेवगाव या भागातल्या कितीतरी घरांत वारी आहे, तुळशीची माळ आहे, भगवानगडाला मानणारी माणसं आहेत. एकाच कोपीत नवरा मटण खातो आणि बायको माळकरी असते. "मी खात नाही" हे त्यांना सवयीचं आहे. पण माळ नसताना "माळ घातलीय" असं सांगून सुटू नका. पुढचा प्रश्न "कधीपासून, कुठल्या महाराजांकडून" असा येतो आणि तिथं फजिती होते.

तळावरच्या पाण्याची भीती वाटते. आमच्यातल्या दोघांना जुलाब झाले. पाणी नाकारलं तर वाईट दिसतं.
– स्वयंसेविका, पंढरपूर

ताजी भाकरी, उकळता रस्सा, चहा यांनी सहसा काही होत नाही. त्रास होतो तो पाण्यानं, कापून ठेवलेल्या कांद्या-काकडीनं आणि धुऊन ओल्या राहिलेल्या तांब्यानं. स्वतःची बाटली न्या आणि ती मुलांना प्यायला द्या. वाटून प्यायलेल्या बाटलीबद्दल कुणी काही मनात आणत नाही.

पण जे पाणी तुम्हाला बाधतं तेच त्यांची दीड वर्षाची पोरं रोज पितात. तळाचं पाणी बहुधा शेतातल्या विहिरीचं किंवा पाटाचं असतं. विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करणारी) पावडर टाकून घ्यायला ग्रामपंचायतीकडे जा, हे काम त्यांचंच आहे. उपकेंद्रातून किंवा आशाताईकडून मेडिक्लोरच्या (घरच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाच्या) बाटल्या मागा. बाटलीवरच्या प्रमाणात थेंब टाकायचे, ढवळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. गढूळ पाण्यात औषध नीट चालत नाही, म्हणून आधी चौपदरी सुती कापडातून गाळायचं. पहिल्या आठवड्यात वास येतो म्हणून लोक टाकणं बंद करतात. रात्री टाकून सकाळी वापरायला सांगा, वास उडालेला असतो.

या लोकांनी आम्हाला इतकं दिलंय की परतफेड कशी करावी कळत नाही. एका कुटुंबाला दोन हजार रुपये पाकिटात घालून द्यायचा विचार आहे.
– आयटी कर्मचारी, पिंपरी

पाकीट देऊ नका. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सगळ्या तळावर होते. शेजारच्या कोपीत विचार सुरू होतो की यांनाच का. ज्यांनी अजून तुम्हाला जेवण दिलं नाही त्या घरांना वाटतं की आता भाकरी दिली तर पैशासाठी दिली असं दिसेल. मुकादमाला वेगळीच शंका येते: बाहेरची माणसं माझ्या टोळीला पैसे कशाला देतात, उचल बुडवून पळवायला तर नाही? वर्ग बंद पडायला एवढं पुरतं. (मुकादमाला पहिल्याच दिवशी भेटावं, त्याचा चहा प्यावा आणि काम काय आहे ते सरळ सांगावं. तो आवडला नाही तरी.) जुन्या कपड्यांची गाठोडीही नकोत. त्यातल्या पार्टीच्या फ्रॉकांचं आणि लो-वेस्ट जीन्सचं उसाच्या फडात काय करायचं?

भांडं मात्र रिकामं परत करू नये, ही रीत तुमच्या-त्यांच्या घरात सारखीच आहे. डब्यात शेंगा दिल्या असतील तर डबा परत जाताना त्यात लिंबं, चिवडा, खारीक, काहीतरी असू द्या. एवढी फेड त्याच आठवड्यात करा आणि तिथंच थांबा.

मोठी फेड करायची तर जे काम त्यांना फड सोडून करता येत नाही ते करा. तुमच्याकडे वेळ, वाहन, भरलेला मोबाइल आणि अर्ज लिहिता येणारा हात आहे. तळावर नेमकं हेच नसतं.

सुरुवात रेशनपासून करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. कार्ड बीड जिल्ह्याचं असलं तरी धान्य कोल्हापूरच्या दुकानात उचलता येतं. तरीही बहुतेक घरं हंगामभर बाजारातून ज्वारी-बाजरी विकत घेतात. कारणं अशी. कार्ड गावी राहिलेलं असतं: बारा अंकी आरसी (रेशनकार्डाचा) क्रमांक पुरतो, गावच्या माणसाला कार्डाचा फोटो पाठवायला सांगा. दुकानदार म्हणतो "आमच्या यादीत नाव नाही": यादी लागत नाही, ई-पॉस यंत्रावर आरसी किंवा आधार क्रमांक टाकला की कार्ड उघडतं. आणि सर्वांत मोठी अडचण अंगठ्याची. कोयत्यानं आणि उसाच्या पात्यानं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा घेत नाही आणि माणूस तीन खेपा घालून नाद सोडतो. जाण्याच्या आदल्या रात्री हाताला खोबरेल लावायला सांगा, सकाळी हात साबणानं धुऊन कोरडे करा, अंगठ्याऐवजी अनामिका-करंगळी लावून पाहा. तरीही नाही झालं तर कार्डावर नाव असलेलं घरातलं दुसरं माणूस, शक्यतो बारा-तेरा वर्षांचं मूल किंवा म्हातारी, सोबत न्या. मोबाइलवर ओटीपी किंवा डोळ्याची तपासणी ही सोय काही दुकानांत असते, विचारा. एक सावधगिरी ठेवा: गावी सासू-सासरे त्याच कार्डावर जगत असतील तर सगळं धान्य इकडं उचलू नका. थोडं इथं, थोडं तिथं असं उचलता येतं, पण आधी फोन करून वाटणी ठरवा. नाहीतर तुमच्या मदतीनं गावाकडे भांडण लागेल.

मग शाळा. मूल गावाहून निघताना तिथल्या मुख्याध्यापकानं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. मूल कितवीत आहे, काय येतं, त्यावर लिहिलेलं असतं. ते हातात नसेल तर त्या शाळेला फोन करून फोटो मागवा. इथल्या शाळेनं दाखला नाही म्हणून अडवलं तर नम्रपणे सांगा की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचं कारण होत नाही. जन्माच्या पुराव्याचंही तसंच. शाळेत गेलेल्या मुलाला दुपारचं जेवणही मिळतं. पाचवीपर्यंत ते ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचं, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅमचं असावं असा नियम आहे. पहाटे तीनला थापलेल्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या मुलाला दर शाळेच्या दिवशी एक गरम ताट मिळणं ही कोंबडीची चांगली फेड आहे. सहा वर्षांखालच्यांसाठी जवळची अंगणवाडी गाठा. स्थलांतरित मुलाला आणि गरोदर बाईला तिथं आहार आणि लस दोन्ही मिळू शकतात. माता-बाल संरक्षण कार्ड हरवलं असेल तर नर्सताईंना सांगून नवं करून घ्या.

ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मात्र गावचा ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) देतो. ते इथं होणार नाही, कागद जमवून ठेवा म्हणजे परत गेल्यावर काम होईल.

किरकोळ गोष्टींत दोन खूप उपयोगी पडतात. तळावर वीज नसते. वर्गाला येताना भरलेली पॉवर बँक आणली तर दोन तासांत पाच-सहा घरांचे फोन जागे होतात. दुसरी, फोटोच्या छापील प्रती. मोबाइलमधला फोटो हरवतो. छापलेला फोटो पत्र्याच्या पेटीत जपला जातो आणि गावी आजीला दाखवला जातो.

पालकांनी आपसांत वर्गणी काढून ६४० रुपये जमवले आणि "फळा घ्या" म्हणून माझ्या हातात दिले. आमच्या संस्थेच्या नियमात लाभार्थ्यांकडून पैसे घेणं बसत नाही. मी परत केले तर सगळे गप्प झाले.
– वर्ग चालवणारी कार्यकर्ती, इस्लामपूर

नियम चांगल्या हेतूचा आहे: गरिबाकडून कुणी पैसे उकळू नयेत. पण इथं तुमच्यापेक्षा पालक एक पाऊल पुढं गेलेत. दोन-तीन महिन्यांसाठी उभ्या राहिलेल्या वर्गाला त्यांनी आपला म्हटलं, आणि त्याची खूण म्हणून वर्गणी काढली. गावात सप्ताहाला निघते तशीच. ती परत आली याचा अर्थ "वर्ग तुमचा नाही" असा झाला, म्हणून सगळे गप्प झाले.

अजून वेळ गेलेली नाही. पैसे तुम्ही घेऊ नका, त्यांच्यातल्याच दोघांकडे ठेवायला सांगा. एक बाई असावी. बाजारच्या दिवशी त्या दोघांबरोबर दुकानात जा. तीन बाय दोन फुटांचा हलका फळा, खडूचा डबा आणि डस्टर एवढं त्या रकमेत बहुतेक ठिकाणी बसतं. थोडे कमी पडले तर दुकानदाराशी घासाघीस त्यांना करू द्या, ती त्यांना आपल्यापेक्षा चांगली जमते. बिल त्यांच्याकडे राहील. वर्गणीचा हिशेब, कुणी दहा दिले कुणी पन्नास, मोठ्यानं वाचू नका आणि फळ्यावरही लिहू नका. दहा देणाऱ्याच्या घरी त्या आठवड्यात खर्ची झालेली नसेल. फळ्याच्या मागं "टोळीच्या पैशांतून" एवढं पुरे. संस्थेच्या वहीत ही वस्तू देणगी म्हणून न चढवता "पालकांच्या मालकीची, वर्गात वापरात" अशी नोंदवा, म्हणजे नियमही मोडत नाही. पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) फळा कुणाच्या गाडीत जायचा ते त्यांनाच ठरवू द्या.

मी या अनुभवावर समाजमाध्यमांवर लिहिलं, सोबत कुटुंबाचा फोटो टाकला. खूप लोकांना आवडलं. पण मुलाचे वडील चिडले. माझं काय चुकलं?
– वाचक, ठाणे

बहुधा "स्वतः उपाशी राहून आम्हाला जेवू घातलं" अशा अर्थाचं वाक्य लिहिलं असेल. ते त्यांच्या पाहुण्यानं चारचौघांत सांगितलं, यात त्यांची अब्रू गेली. आता तळावर सगळ्यांकडे मोबाइल आहेत आणि पोस्ट गावात, सोयरिकीच्या घरांत पोचते. मुलीचं लग्न जमवायच्या घराला "खायला नव्हतं" हे छापून आलेलं परवडत नाही.

शिवाय फोटोत मागं काय दिसतं ते पाहिलंत का? कोयता घेतलेलं बारा वर्षांचं पोर दिसलं की प्रश्न मुकादमाला जातो आणि त्रास पोराच्या बापाला होतो. वयात आलेल्या मुलीचा फोटो आणि तळाचं ठिकाण एकत्र टाकणं तर सरळ धोक्याचं. या वस्तीला दारं-कड्या नसतात. पोस्ट काढा, स्वतः जाऊन सांगा की काढली. पुढं लिहायचंच असेल तर नाव, गाव, कारखाना, चेहरा यांतलं काही नको, आणि लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवा. ते जिथं हसतील किंवा "असं नाही ओ" म्हणतील तिथं दुरुस्त करा. मजकूर हमखास सुधारतो.

निघताना उसाची मोळी गाडीत टाकतात. घ्यावी का?
– वाचक, फलटण

एक-दोन कांडी घ्या, मोळी नको. ऊस शेतकऱ्याचा आहे. फडात खायला कुणी अडवत नाही, पण बाहेरच्यांच्या गाडीत मोळ्या गेल्या तर बोलणी टोळीला बसतात. हट्टच झाला तर "दात दुखतोय" हे कारण चालतं. मुलं बोरं-चिंचा देतात त्या मात्र सगळ्या घ्या.

आमच्या कंपनीतले पंचवीस जण एका दिवसासाठी तळावर येऊ इच्छितात, वस्तूवाटपही करतील.
– मनुष्यबळ अधिकारी, बंगळुरू

नका येऊ. पंचवीस चहा म्हणजे सव्वा लिटर दूध, पाव किलोच्या वर साखर आणि तेवढे कप नसल्यामुळं तीन वेळा विसळलेले पेले. आणि ते चहा केल्याशिवाय राहणार नाहीत. दोघांना पाठवा, पण हंगामभर पाठवा. वाटपाचे पैसे तळाच्या ताडपत्र्यांना द्या, सगळ्या कोप्यांना सारख्या. अवकाळी पाऊस जानेवारी-फेब्रुवारीतही येतो आणि पाचटाचं छप्पर एका सरीत गळतं.

हंगाम संपताना एका कुटुंबानं मुलीच्या लग्नाला बीड जिल्ह्यातल्या गावी बोलावलंय. जावं का, आणि आहेर किती करावा?
– स्वयंसेविका, सातारा

जा. तोंडदेखलं बोलावणं असतं तर पत्रिका पाठवली नसती. लग्नं एप्रिल-मेमध्ये असतात आणि त्या दिवसांत त्या भागात पुष्कळ गावांना टँकरनं पाणी येतं. सकाळी पोचून संध्याकाळी निघता येईल असा बेत करा. मुक्काम केलात तर तुमच्या आंघोळीसाठी दोन हंडे बाजूला काढले जातील. पाण्याचा कॅन सोबत असू द्या. दोघंच जा.

आहेरात मोठी रक्कम घालू नका. आहेर वहीत लिहिला जातो, नाव आणि आकडा, आणि तो पुढं फेडायचा असतो. तुम्ही पाच हजार लिहिलेत तर तुमच्या घरी कार्य निघेल तेव्हा ते पाच हजार उभे करतील, लागलं तर उचल घेऊन. गावात जवळचे शेजारी जेवढा करतात तेवढाच करा. बहुतेक ठिकाणी दोनशे एक ते पाचशे एक. जास्त द्यायचंच असेल तर नवरीच्या शिक्षणाचे राहिलेले कागद, बँकेतलं स्वतःच्या नावाचं खातं, नव्या घरच्या रेशनकार्डावर नाव चढवणं ही कामं अंगावर घ्या. त्यांची वहीत नोंद होत नाही. आणि तुमच्याकडे लग्न असेल तेव्हा पत्रिका वेळेवर पाठवा, दिवाळीच्या आत असेल तर गावच्या पत्त्यावर, नंतर असेल तर मुकादमाच्या फोनवर.